रिकाम्या कॅनची किंमत

एकमेकांच्या मागे धावणाऱ्या तीन बाणांचा त्रिकोण आज जगात कुठेही ओळखू येतो. तो काढला एका विद्यार्थ्याने. १९७० साली गॅरी अँडरसन लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात वास्तुरचना शिकत होता. वय तेवीस. कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही शिकागोची कंपनी रद्दी कागदापासून पुठ्ठ्याची खोकी करायची. त्या खोक्यांवर छापायला तिला चिन्ह हवं होतं, म्हणून तिने विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा ठेवली. अँडरसनला मोबियस पट्टीवरून कल्पना सुचली. पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं जोडली की ना तिला आतबाहेर राहतं, ना शेवट. बक्षीस अँडरसनला मिळालं आणि चिन्ह सगळ्यांना वापरायला मोकळं झालं. त्याच वर्षी २२ एप्रिलला पहिला वसुंधरा दिन झाला होता आणि देशभरची कॉलेजं ढवळून निघाली होती.

म्हणजे हे चिन्ह मुळात कागदाचं. ओरेगनला शिकायला येईपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं. १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने त्याच बाणांच्या पोटात १ ते ७ आकडे घातले आणि ते प्लास्टिकच्या वस्तूंवर उमटवायला सुरुवात केली. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, २ म्हणजे दुधाच्या मोठ्या बाटलीचं एचडीपीई, ५ म्हणजे दह्याच्या डब्याचं पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे थर्माकोलच्या कपाचं पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे उरलेलं सगळं. ही वस्तू पुन्हा कामी येईल असं तो आकडा कुठेही म्हणत नाही. पण बाण दिसले की माणूस निर्धास्त होतो आणि वस्तू रिसायकलिंगच्या डब्यात टाकतो. २०१३ मध्ये तांत्रिक मानकातून बाण गेले, त्यांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आला. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की जो माल प्रत्यक्षात रिसायकल होत नाही त्याच्यावर हे चिन्ह छापायचं नाही. तरी जुने बाण अजून जागोजाग भेटतात.

शाश्वत विकासाची व्याख्या तुम्ही पुण्यात शिका की इथे, पाठ एकच असतो. १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने संयुक्त राष्ट्रांना अहवाल दिला. पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागण्याला बाध न आणता आजच्या पिढीच्या गरजा भागवणं म्हणजे शाश्वत विकास, असं त्यात म्हटलं होतं. शेतकऱ्याच्या घरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही: कितीही ओढ लागली तरी बियाणं दळायचं नसतं. पण त्याच अहवालात लगेच पुढे आणखी एक गोष्ट आहे आणि वर्गात ती पटकन मागे पडते. गरजा म्हणताना सगळ्यांत आधी जगातल्या गरिबांच्या गरजा धरायच्या, असं आयोगाने स्पष्ट लिहिलं होतं. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबी आणि पर्यावरण यांचा प्रश्न एकत्र मांडला होता. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलांना न जन्मलेल्या नातवंडांची काळजी चटकन वाटते. आज रस्त्यावरून कॅन वेचत फिरणारा म्हातारा त्या व्याख्येत कुठे बसतो, हे मात्र विचारावं लागतं. त्या म्हाताऱ्याकडे मी येणार आहे, पण आधी कचऱ्याकडे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे २०१८ चे आकडे आम्हाला अभ्यासाला होते. त्या वर्षी देशात २९.२४ कोटी टन घरगुती आणि बाजारी कचरा झाला. माणशी रोज ४.९ पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. भारतातल्या शहरांत हा आकडा साधारण अर्धा किलो धरतात. अमेरिकेतल्या त्या कचऱ्यातला निम्मा जमिनीत पुरला गेला, बाराएक टक्के जाळून त्यातून ऊर्जा काढली गेली, आणि रिसायकलिंग व कंपोस्ट मिळून ३२ टक्के मार्गी लागला. हा ३२ चा आकडा ऐकायला बरा वाटतो. तो फोडला की त्यातली विषमता दिसते. कागद-पुठ्ठा ६८ टक्के परत आला. गाडीच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या जवळजवळ सगळ्याच परत आल्या, कारण नवी बॅटरी घेताना जुनी देण्याची पद्धत कायद्याने आणि बाजाराने पक्की केली आहे. प्लास्टिक परत आलं ९ टक्क्यांहूनही कमी.

हे असं का होतं ते वर्गीकरण केंद्रात गेल्यावर कळतं. पोर्टलँडजवळच्या अशा एका केंद्रात आम्हाला नेलं होतं. इथे बहुतेक गावांत कागद, पुठ्ठा, कॅन, प्लास्टिकच्या बाटल्या असा सगळा सुका माल एकाच मोठ्या डब्यात टाकतात; ओरेगनमध्ये काच तेवढी बहुधा वेगळी ठेवतात. घरच्या माणसाने वेगळं करायचं नाही, पुढे यंत्र करेल, असा हा करार आहे. गाडी येते, केंद्राच्या फरशीवर ढीग ओतते, लोडर तो ढीग पट्ट्यावर चढवतो. पट्ट्याच्या तोंडाशी माणसं उभी. हातमोजे, कानात बोळे. पाण्याचा पाईप, दोऱ्या, गाद्यांच्या स्प्रिंगा, लहान मुलांचे डायपर, कधी इंजेक्शनच्या सुया, हे सगळं त्यांनी हाताने उचलून बाजूला टाकायचं. पुढे फिरत्या चकत्यांच्या रांगा असतात. पुठ्ठ्याचे मोठे तुकडे त्यांच्या माथ्यावरून तरंगत जातात, लहान वस्तू फटींतून खाली पडतात. त्यापुढच्या चाळणीत चपटा कागद वर चढतो, गोल बाटल्या घरंगळून खाली येतात. लोखंड चुंबक उचलतो. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तिथे वेगळी युक्ती आहे: पट्ट्याच्या टोकाच्या रुळात चुंबक वेगाने फिरत असतात, त्यामुळे ॲल्युमिनियममध्ये वीजप्रवाह निर्माण होतो, आणि कॅन उडी मारून पलीकडच्या खणात पडतो. हे बघायला फार मजा येते. प्लास्टिकच्या जाती ओळखायला अवरक्त प्रकाश वापरतात. कोणतं प्लास्टिक तो प्रकाश कसा परतवतं ते यंत्र वाचतं आणि हवेच्या फटकाऱ्याने बाटली नेमकी आपल्या खणात ढकलतं.

एवढं सगळं करूनही गाडं अडतं ते प्लास्टिकच्या पिशवीपाशी. पिशव्या चकत्यांच्या दांड्यांना गुंडाळत जातात, फटी बुजतात, मग यंत्र थांबवून माणसं आत उतरतात आणि सुरीने पिशव्या कापून काढतात. दुसरी भीती लिथियम बॅटरीची. ती दाबली गेली की पेट घेते आणि आजूबाजूला सगळा कागद. डब्यात टाकणाऱ्याने मात्र चांगल्या मनानेच टाकलेलं असतं. होईल कदाचित रिसायकल, असं म्हणून टाकलेल्या प्रत्येक वस्तूची मजुरी कोणीतरी उभं राहून भरत असतं.

शेवटी माल दाबून त्याचे चौकोनी गठ्ठे बांधतात. इथपर्यंत काहीही रिसायकल झालेलं नसतं. गठ्ठा कोणी विकत घेतला, धुतला, वितळवला आणि त्याचं काही केलं, तर ते रिसायकलिंग. नाहीतर तो नुसता नीटनेटका बांधलेला कचरा. अनेक वर्षं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा हा प्रश्न चीनने सोडवला. चीनचा माल घेऊन येणारी जहाजं परतताना रिकामी जायची, त्यांतून रद्दी आणि मिश्र प्लास्टिक स्वस्तात जायचं. जगातल्या टाकाऊ प्लास्टिकच्या व्यापारातला जवळजवळ निम्मा माल एकटा चीन घेत होता. तिकडे तो हाताने निवडला जायचा आणि उरलेली घाण तिथल्याच नद्यांकाठी राहायची. २०१७ मध्ये चीनने कळवलं की आता हे बंद. जानेवारी २०१८ पासून बरेच प्रकार पूर्ण बंद झाले आणि बाकीच्या मालात भेसळ अर्ध्या टक्क्याच्या वर चालेना. इतका स्वच्छ माल एका डब्यातून निघणं जवळजवळ अशक्य. ओरेगनमध्ये गठ्ठे गोदामांत साचले आणि नंतर राज्याच्या परवानगीने लोकांनी निवडून ठेवलेला हजारो टन माल कचराभूमीत गेला. लोक मात्र डबा पूर्वीसारखाच भरत राहिले.

ओरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसच्या उत्तरेला कॉफिन ब्यूट नावाची टेकडी आहे. तिथली कचराभूमी वाढवावी की नाही यावरून बेंटन काउंटीत बरीच वर्षं वाद चालू आहे. आधुनिक कचराभूमी ही आपल्याकडच्या देवनार किंवा उरुळीसारखी उघडी टेकडी नसते. तळाला माती आणि प्लास्टिकचे थर, झिरपणारं पाणी गोळा करायला नळ्या, रोज संध्याकाळी कचऱ्यावर झाकण. आत हवा आणि पाणी फारसं पोचत नाही. त्यामुळे आतला कचरा कुजतो ही समजूतही अर्धीच खरी. ते सिद्ध केलं ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम रॅथजी यांनी. हे गृहस्थ माया संस्कृतीचे पुरातत्त्वज्ञ. १९७३ पासून ते आणि त्यांचे विद्यार्थी टूसानमधल्या घरांचा कचरा टेबलावर ओतून, मोजून, नोंदवून पाहू लागले. पुढे त्यांनी कचराभूमींमध्ये खोल भोकं पाडली. दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली, त्यांच्या तारखांवरून आजूबाजूच्या थरांचं वय काढता आलं, आणि त्या थरांत ओळखू येणारे सॉसेजही होते. रॅथजींच्या विद्यार्थ्यांना आणखी एक गंमत सापडली: लोक किती बिअर पितात ते प्रश्नावलीत एक सांगतात आणि त्यांचा कचरा दुसरंच सांगतो. मला हा माणूस फार आवडतो. कचऱ्याविषयी तो प्रवचन करत नाही, कचऱ्यालाच बोलू देतो.

जे अन्न कुजतं, ते हवेविना कुजतं आणि मिथेन सोडतं. २०१८ मध्ये अमेरिकेत पुरलेल्या कचऱ्यात सगळ्यांत मोठा वाटा अन्नाचाच होता, २४ टक्के. बाटलीची चिंता करणारे आम्ही विद्यार्थी मेसमध्ये अर्धी ताटं टाकतो त्याचा हिशोब त्या चिंतेपेक्षा मोठा आहे. पण अन्नाचा विषय वेगळा आहे.

आता कॅन. ओरेगनमध्ये सोड्याचा किंवा बिअरचा कॅन घेताना दुकानदार किमतीवर दहा सेंट जास्त घेतो आणि रिकामा कॅन परत दिला की ते दहा सेंट परत मिळतात. आजच्या दराने आठ-नऊ रुपये. हा कायदा १९७१ चा, अमेरिकेतला या प्रकारचा पहिला. त्यामागे रिचर्ड चेंबर्स नावाचा एक विक्रेता होता. त्याला भटकायचा नाद होता आणि किनाऱ्यावर, डोंगरवाटांवर पडलेल्या बाटल्या-डब्यांनी तो वैतागला होता. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात असं काही घाटतंय हे वाचून त्याने आमदार पॉल हॅनेमन यांचा पिच्छा पुरवला. १९६९ मध्ये विधेयक पडलं. पेय आणि डबे बनवणाऱ्या कंपन्यांनी विरोधात सगळी ताकद लावली होती. १९७१ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल, मूळचे पत्रकार, पाठीशी उभे राहिले आणि कायदा झाला. ऑक्टोबर १९७२ पासून तो लागू झाला, तेव्हा अनामत पाच सेंट होती. रस्त्याकडेच्या कचऱ्यात त्याआधी सुमारे ४० टक्के वाटा बाटल्या-डब्यांचा होता. १९७९ पर्यंत तो ६ टक्क्यांवर आला.

मग पाच सेंटचा भाव उतरत गेला. १९७२ चे पाच सेंट वाकून उचलण्याजोगे होते, २०१४ चे नव्हते. परताव्याचं प्रमाण घसरून ६५ टक्क्यांच्या आसपास आलं. कायद्यातच अशी तरतूद करून ठेवली होती की दोन वर्षं सलग प्रमाण ८० टक्क्यांखाली राहिलं तर अनामत दुप्पट करायची. त्यानुसार एप्रिल २०१७ मध्ये दहा सेंट झाले. पुढच्याच वर्षी परतावा ८० टक्क्यांच्या वर गेला. लोकांचं पर्यावरणप्रेम एका वर्षात एवढं वाढलं असेल यावर माझा विश्वास नाही. २०१८ मध्ये देशभराचा विचार केला तर ॲल्युमिनियमचे कॅन निम्मेच परत येत होते आणि पेटच्या बाटल्या २९ टक्के.

कॅनमधल्या धातूला भंगारात जेमतेम एक-दोन सेंट येतात. बाकीचे आठ सेंट ही समाजाने ठरवलेली किंमत आहे, ती धातूत नाही. या आठ सेंटनी दोन कामं होतात. एक म्हणजे वस्तू परत येते. दुसरं कमी दिसणारं पण तितकंच मोलाचं: ती वेगळी, स्वच्छ येते. डायपर आणि पिझ्झाच्या खोक्यातून न आलेली पेटची बाटली पुन्हा बाटली होऊ शकते. मिश्र डब्यातून आलेली बहुधा गालिच्याचा किंवा कापडाचा धागा होते आणि तिथून पुढे तिचा रस्ता कचराभूमीतच संपतो. सध्या अशी अनामत अमेरिकेतल्या दहाच राज्यांत आहे. बाकीच्या राज्यांत नाही याचं कारण तिथल्या लोकांना कळत नाही असं मुळीच नाही. विरोध करणाऱ्यांचे खिसे खोल आहेत.

ॲल्युमिनियम पुन्हा वितळवलं तर नव्याच्या मानाने ९५ टक्के ऊर्जा वाचते, हे वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. मला ते समजलं ते कोलंबिया नदीच्या काठी. बॉक्साइटपासून धातू काढायला विजेची भट्टी लागते, किलोमागे साधारण १४ युनिट. म्हणून स्वस्त वीज जिथे तिथे कारखाने. कोलंबियावर धरणं झाली आणि ओरेगनमध्ये ट्राउटडेल, द डॅल्स इथे ॲल्युमिनियमचे कारखाने उभे राहिले. द डॅल्सच्या धरणाने १० मार्च १९५७ रोजी काही तासांत सेलिलो धबधबा पाण्याखाली घेतला. त्या धबधब्याच्या खडकांवर लाकडी मचाण बांधून, जाळी टाकून सॅमन पकडणाऱ्या आदिवासींच्या दहा हजार वर्षांच्या वस्तीच्या खुणा तिथे होत्या. वर्षानुवर्षं दूरदूरच्या जमाती तिथे व्यापाराला यायच्या. यकामा, युमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज, नेझ पर्स या जमातींना नुकसानभरपाई मिळाली, धबधबा मिळाला नाही. कोयना आणि सरदार सरोवर ज्यांनी पाहिलंय त्या मराठी माणसाला यापुढचं सांगायला नको. दुसऱ्याच वर्षी द डॅल्सचा कारखाना सुरू झाला. आज वायव्येतले ते सगळे कारखाने बंद आहेत, द डॅल्समध्ये आता गूगलची विदा केंद्रं वीज खातात. वाचलेली ९५ टक्के ऊर्जा म्हणजे कुठलं तरी न बांधावं लागणारं धरण, हे त्या काठावर उभं राहिल्यावर आकड्यातून बाहेर येतं.

ओरेगनचा कायदा झाला त्याच १९७१ साली अमेरिकेच्या टीव्हीवर एक जाहिरात गाजत होती. होडीतून येणारा एक आदिवासी, समोर घाण झालेला किनारा, कोणीतरी गाडीतून कचऱ्याची पिशवी त्याच्या पायाशी फेकतं आणि त्याच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. प्रदूषण माणसं सुरू करतात आणि माणसंच थांबवू शकतात, असा तिचा आशय. जाहिरात 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' या संस्थेची. १९५३ मध्ये डबे, बाटल्या आणि पेयं बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली होती. आणि तो रडणारा आदिवासी, आयर्न आइज कोडी, मुळात इटालियन वंशाचा नट होता हे नंतर उघड झालं. इकडे खऱ्या आदिवासींचा सेलिलो बुडून चौदा वर्षं झाली होती, त्यावर कोणी जाहिरात केली नाही. फेकून देण्यासाठीच बनवलेली बाटली कोणी बाजारात आणली, हा प्रश्न त्या एका थेंबाने बाजूला सारला. दोष राहिला तो फेकणाऱ्याचा. आजही शाळांतल्या रिसायकलिंगच्या धड्यांत मला तोच सूर ऐकू येतो. मुलांना कोणत्या डब्यात काय टाकायचं ते शिकवतात, ती वस्तू मुळात कोणी आणि का बनवली हे विचारायला शिकवत नाहीत.

आता कॅन वेचणारा म्हातारा. अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्यानंतर किंवा विद्यार्थ्यांच्या पार्टीनंतर सकाळी रस्त्यांवर खांद्याला पिशवी लावलेली माणसं दिसतात. इथे त्यांना 'कॅनर' म्हणतात. काही बेघर, काही पेन्शनवर जगणारी, काही नोकरी असूनही न भागणारी. सुखवस्तू माणसाने दहा सेंट सोडून दिले तरी कॅन परत येतो, तो यांच्यामुळे. पोर्टलँडमध्ये 'ग्राउंड स्कोअर' या नावाने या लोकांनी आपली संघटना बांधली आहे आणि 'पीपल्स डेपो' नावाचं स्वतःचं परतावा केंद्र चालवलं आहे. हे वाचलं तेव्हा मला पुणं आठवलं. १९९३ मध्ये बाबा आढाव, आणि एसएनडीटी विद्यापीठात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांच्या प्रयत्नांतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचक बायकांना ओळखपत्रं मिळाली, चोर समजून पोलिसांनी हटकणं कमी झालं. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून साडेतीन हजारांच्या आसपास वेचक घरोघरचा ओला-सुका कचरा उचलू लागल्या. अमेरिकेत कोट्यवधी डॉलरच्या यंत्राला जे जमत नाही, ते या बायका दारातच करतात. कारण माल मिसळण्याच्या आधी त्यांच्या हातात येतो.

इथे मराठी मंडळींच्या गप्पांत हा विषय निघाला की हमखास एक वाक्य येतं: आपल्याकडे हे सगळं पूर्वीपासूनच होतं. रद्दीवाला होता, भंगारवाला होता, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची, काचेची सोड्याची बाटली अनामत घेऊनच मिळायची. खरं आहे. पण ते ज्यांच्या पाठीवर चाललं होतं त्या बायका बहुतेक दलित होत्या, कचरापेटीत उतरून वेचत होत्या, आणि त्यांना किंमत होती ती पत्र्याच्या आणि कागदाच्या दरापुरती. घरोघरचा कचरा उचलण्याच्या सेवेचे पैसे त्यांना मिळावेत यासाठी भांडावं लागलं, अजून लागतं. गौरवशाली परंपरा म्हणून ते सांगताना हा भाग गाळला की ब्रुंटलँडच्या व्याख्येचा दुसरा अर्धा भागही गळतो.

कॅनच्या दहा सेंटमागचा विचार ओरेगनने हळूहळू बाकीच्या मालाला लावायला घेतला आहे. २००९ मध्ये उरलेल्या रंगाच्या डब्यांची जबाबदारी रंग कंपन्यांवर टाकणारा देशातला पहिला कायदा इथेच झाला. २०२१ मध्ये तीच कल्पना वेष्टनांना लागू करणारा मोठा कायदा झाला आणि जुलै २०२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी शुल्क भरायचं, त्यातून वर्गीकरण केंद्रं सुधारायची आणि काय घेतलं जाईल त्याची एकच यादी राज्यभर चालवायची. रिसायकल होणं अवघड असेल त्या वेष्टनाला शुल्क जास्त. व्यापाऱ्यांच्या संघटनेने याला न्यायालयात आव्हान दिलं आहे, १९६९ ची आठवण यावी असं. २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचाही कायदा झाला: फोनचा सुटा भाग दुसऱ्याने बसवला म्हणून फोनने काम नाकारायचं, या कंपन्यांच्या क्लृप्तीवर बंदी आणणारं ओरेगन हे पहिलं राज्य. माझ्या दृष्टीने रिसायकलिंगच्या कुठल्याही पोस्टरपेक्षा हा कायदा जास्त उपयोगाचा आहे, कारण दुरुस्त झालेला फोन कुठल्याच डब्यात जात नाही.

पुनर्वापराची अडचण कुठे आहे ते मात्र बाटलीनेच दाखवलं. राज्यात अनामतीच्या बाटल्या-डबे गोळा करण्याचं काम पेय वितरकांची एक सहकारी संस्था करते. तिने २०१८ मध्ये पुन्हा भरता येणारी बिअरची काचेची बाटली आणली. फोडून, वितळवून नवी करायची नाही, धुवायची आणि भरायची. लोक बाटल्या परत आणायला तयार होते, बिअर बनवणारे काही छोटे कारखाने भरायला तयार होते. पण राज्यात बाटल्या धुवायची सोयच उरली नव्हती. सुरुवातीला रिकाम्या बाटल्या ट्रकमध्ये घालून शेकडो मैलांवर मोंटानाला धुवायला पाठवाव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत गावोगाव बाटल्या भरणारे आणि धुणारे कारखाने होते. डबा आणि एकदा वापरायची बाटली आली, भरणारे कारखाने मोठे आणि दूरचे झाले, आणि धुण्याची यंत्रं भंगारात गेली. मुंबईत आरेची दुधाची बाटली अशीच गेली, पिशवी आली.

सत्राच्या प्रकल्पासाठी मी आता या धुण्याचाच हिशोब मांडते आहे. किती पाणी, किती कॉस्टिक सोडा, पाणी तापवायला किती वायू, ट्रकला किती डिझेल. बाटल्या एकाच मापाच्या असतील तर क्रेट आणि यंत्र दोन्ही स्वस्त पडतात. प्रत्येक कंपनीला आपला वेगळा घाट हवा असेल तर तिथेच खर्च वाढतो. काच जड, म्हणून अंतर वाढलं की फायदा आटत जातो. काही अंतरापर्यंत धुतलेली बाटली सहज जिंकते, त्यापलीकडे हलका ॲल्युमिनियमचा कॅन पुढे जातो, पण तोही परत आला तरच. ते अंतर किती, हे काढणं बाकी आहे.